अँटिबायोटिकचा कोर्स संपला आणि जुलाब लागले: आईंच्या आतड्याला सूज कशामुळे?

प्रश्न नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंचा आहे. आई ६८ वर्षांच्या, मधुमेह जुना. दाढेत पू झाला म्हणून ५ दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट, गालाची सूज उतरली नाही म्हणून पुढे ७ दिवस क्लिंडामायसिन, आणि रोज सकाळी उपाशीपोटी गॅसची गोळी. दाढ बरी झाली. कोर्स संपून ६ दिवस झाले आणि पातळ संडास लागली. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून संडास थांबवायची गोळी आणि ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल आणलं. एक दिवस बरं वाटलं, पोट मात्र फुगलं, आणि मग दिवसाला १०-१२ वेळा, सोबत आव आणि बारीक ताप. "सर, आई रात्रभर संडासला जाऊन राहिली, आता उठवतही नाही तिला," असं ताई लिहितात. त्यांच्या डॉक्टरांनी आतड्याला सूज असावी असं सांगून दुर्बिणीची तपासणी सुचवली आहे. हे गोळ्यांमुळे झालं का, दुर्बीण लागेलच का, ताक द्यायचं का, घरातल्या दीड वर्षाच्या नातवाला लागण होईल का, आणि आईला पुढे अँटिबायोटिक कधीच चालणार नाही का, हे त्यांचे प्रश्न.

ताई, आधी आज करायचं ते सांगतो. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

संडास थांबवायची गोळी, म्हणजे लोपेरामाइड, आत्तापासून बंद. ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल चालू असेल तर आजच डॉक्टरांना फोन करून ते बंद करायचं का विचारा. माझ्या मते करायला हवं. दुपारपर्यंत आईंना डॉक्टरांकडे न्या आणि जाताना मागच्या तीन महिन्यांतल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या एका पिशवीत घाला, दाढेच्या, गॅसच्या, शुगरच्या, बीपीच्या, सगळ्या. त्या पिशवीवरून निदानाचं अर्धं काम होतं. आणि एक लक्षण नीट लक्षात ठेवा: संडास एकाएकी बंद झाली, पण पोट ढोलासारखं ताणलं, दुखू लागलं, आई गुंगीत गेल्यासारख्या वाटल्या किंवा लघवी कमी झाली, तर ते बरं होणं नव्हे. तशा वेळी रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट मोठ्या दवाखान्यात जायचं.

हे इतकं ठासून का सांगतो, त्याला एक पेशंट कारण आहे. काटोलकडचे एक निवृत्त शिक्षक होते. गुडघ्याच्या जखमेसाठी त्यांना आठ-दहा दिवस सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं लागली होती, आणि ती लागणं योग्यच होतं. पुढे तीन आठवड्यांनी जुलाब सुरू झाले. एकाने अमिबा म्हटलं, दुसऱ्याने टायफॉइड म्हटलं, आणि दर वेळी एक नवी अँटिबायोटिक वाढली. मे महिना होता, पारा ४५ च्या वर. माझ्याकडे आणलं तेव्हा मुलगा समाधानाने म्हणाला, "कालपासून संडास बंद आहे सर, आता फक्त अशक्तपणा आहे." मी पोटावर हात ठेवला तर ते ढोलासारखं टणक. एक्स-रेत मोठं आतडं फुगून सहा सेंटीमीटरच्या पुढे गेलेलं. आतड्याने हालचालच सोडून दिली होती, त्यामुळे बाहेर काही येत नव्हतं, आणि आत सगळं साठत होतं. सर्जन उशाशी उभे ठेवून आम्ही त्यांना आयसीयूत सात दिवस सांभाळलं. ते वाचले. पण ती जुनी इंजेक्शनं मला कळली ती दुसऱ्या दिवशी, तीही त्यांच्या सुनेने पर्समधून बिल काढून दाखवलं म्हणून. पहिल्या दिवशी मी तो प्रश्न विचारायला हवा होता. तेव्हापासून जुलाबाच्या प्रत्येक पेशंटला मी पहिला प्रश्न तोच विचारतो: मागच्या तीन महिन्यांत कोणती अँटिबायोटिक घेतली?

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. हो, हे दाढेच्या गोळ्यांमुळे झालं असण्याची शक्यता दाट आहे. पण अँटिबायोटिकने होणारे सगळे जुलाब एका जातीचे नसतात.

बहुतेक वेळा मामला साधा असतो. क्लॅव्ह्युलनेट आतड्याची हालचाल वाढवतं, म्हणून ती गोळी चालू असतानाच दोन-चार पातळ संडास होतात. शिवाय मोठ्या आतड्यातले जंतू न पचलेली पिष्टमय द्रव्यं आंबवून संपवत असतात. ते जंतू मेले की ती द्रव्यं तशीच राहतात आणि पाणी ओढून घेतात. यात ताप नसतो, सूज नसते, गोळी थांबली की एक-दोन दिवसांत पोट जागेवर येतं. तरुण माणसाला कधी पेनिसिलिनच्या जातीच्या गोळ्यांनंतर पोटात जोराच्या कळा येऊन लाल रक्त पडतं. त्यामागे क्लेब्सिएला ऑक्सिटोका नावाचा जंतू सापडतो, आणि तोही प्रकार औषध थांबवल्यावर सहसा आपणहून निवळतो.

आईंचं चित्र यापेक्षा वेगळं आहे. वय ६५ च्या पुढे, लागोपाठ दोन अँटिबायोटिक, त्यातलं एक क्लिंडामायसिन, कोर्स संपल्यावर काही दिवसांनी सुरुवात, ताप, आव. हे ऐकलं की आम्हा पोटाच्या डॉक्टरांच्या मनात एकच नाव येतं: क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसाइल, बोलताना आम्ही सी-डिफ म्हणतो. हा जंतू १९३५ साली तान्ह्या, निरोगी बाळांच्या शीमध्ये सापडला. प्रयोगशाळेत वाढवायला फार अवघड, म्हणून नावातच 'डिफिसाइल' आलं. तो आजार करतो हे कळायला पुढे चाळीस वर्षं गेली. क्लिंडामायसिन तेव्हा नवं आणि लोकप्रिय औषध होतं. १९७४ मध्ये अमेरिकेत सेंट लुई इथे ते घेणारे २०० पेशंट नीट तपासले, तर २१ टक्क्यांना जुलाब आणि १० टक्क्यांना मोठ्या आतड्यात पिवळट पापुद्र्यांची सूज आढळली. दोष औषधाच्या विषारीपणाचा असावा असं वाटत होतं. १९७८ मध्ये उलगडा झाला की विष या जंतूचं आहे आणि औषध फक्त त्याला रान मोकळं करून देतं.

रान मोकळं होतं म्हणजे नक्की काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचे सगळे उपचार त्यावर उभे आहेत. सी-डिफ कवचाच्या आत झोपलेल्या बीजाणूच्या रूपात पोटात येतो. दवाखान्यातून, कुणाच्या हातावरून, कधी मातीतून. जठरातलं आम्ल त्याला मारू शकत नाही. यकृतातून पित्तासोबत येणारी काही पित्ताम्लं त्याला जागं करतात. निरोगी आतड्यातले जंतू याच पित्ताम्लांचं रूप पालटतात, आणि ते पालटलेलं रूप सी-डिफला वाढू देत नाही. म्हणजे आपल्या आतड्यात राखण आधीपासूनच असते. दाढेतले जंतू मारायला दिलेलं औषध ही राखणही मारून जातं. मग बीजाणू जागे होतात, वाढतात, आणि अ आणि ब अशी दोन विषं सोडतात. त्यांनी आतड्याचं अस्तर सोलवटतं, पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात, जागोजागी पिवळट-पांढरे पापुद्रे चिकटतात. ही राखण परत यायला आठवडे लागतात, म्हणून धोका कोर्ससोबत संपत नाही. पहिल्या महिन्यात तो सर्वांत जास्त असतो आणि साधारण तीन महिन्यांपर्यंत रेंगाळतो. क्लिंडामायसिन, सेफिक्झिम-सेफ्ट्रियाक्सोनसारखी औषधं, ओफ्लॉक्सासिन-लिव्होफ्लॉक्सासिनची जात आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट ही यात पुढे असतात, पण जवळपास कुठल्याही अँटिबायोटिकने हे होऊ शकतं.

आता बघा, मेडिकलमधून आणलेलं ओफ्लॉक्सासिन याच यादीतलं आहे. म्हणजे जे कारण असू शकतं, तेच औषध म्हणून वर पुन्हा दिलं गेलं. लोपेरामाइडने आतड्याची हालचाल थांबवली आणि विष आत अडकलं. पोट फुगलं ते त्यामुळेच असावं. तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, ताई. महाल असो की मानेवाडा, जुलाब म्हटलं की काउंटरवरून हीच जोडी हातात पडते आणि घरोघरी हेच चालतं. पण ज्या पट्टीवर लाल उभी रेघ आहे, ती चिठ्ठीशिवाय मागू नका आणि कुणी दिली तरी घेऊ नका. दाढेच्या डॉक्टरांवरही रागावू नका. पू गालापर्यंत पसरला होता, तेव्हा औषध देणं गरजेचं होतं.

दुर्बिणीबद्दल. माझा क्रम असा असतो की आधी संडासची तपासणी. प्रयोगशाळेला नुसतं 'स्टूल रुटीन' लिहून भागत नाही. त्यात आव, पू-पेशी, अमिबा दिसतील, सी-डिफ दिसणार नाही. 'सी डिफिसाइल जीडीएच आणि टॉक्सिन' असं स्पष्ट लिहून घ्या. जीडीएच म्हणजे जंतू असल्याची खूण, टॉक्सिन म्हणजे त्याचं विष. ही दोन उत्तरं जुळली नाहीत तर पीसीआर, म्हणजे जंतूची जनुकं शोधणारी तपासणी, करतात. नमुना पातळच हवा, डबीचा आकार घेईल असा. घट्ट संडासची ही तपासणी करूच नये, कारण हा जंतू काही निरोगी माणसांच्या पोटातही नुसता पडून असतो. आणि नागपूरच्या उन्हात एक गोष्ट फार महत्त्वाची: हे विष उष्णतेने लवकर निकामी होतं. सकाळी घेतलेली डबी दुपारपर्यंत स्कूटरच्या डिक्कीत राहिली तर रोग असूनही रिपोर्ट 'निगेटिव्ह' येऊ शकतो. बर्फाच्या पिशवीत ठेवून तासाभरात लॅबमध्ये पोहोचवा. धंतोली-रामदासपेठेतल्या मोठ्या लॅबकडे आधी फोन करून तपासणी तिथेच होते की नमुना बाहेरगावी जातो तेही विचारा.

सोबत रक्ताच्या दोन तपासण्या आजच व्हायला हव्यात. पांढऱ्या पेशी १५,००० किंवा त्याहून जास्त, किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी तपासणी) १.५ च्या वर असेल तर आजार तीव्र समजायचा आणि आईंना भरती करायचं. दुर्बीण मी कधी करतो? तपासणीत काही सापडलं नाही आणि त्रास चालूच आहे, रक्त पडतं आहे, किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला दीर्घकाळ सूज आणि जखमा करणारा आजार) वा आतड्याचा टीबी असल्याची शंका आहे तेव्हा. आपल्याकडे टीबी कधी विसरून चालत नाही. सुजून नाजूक झालेल्या आतड्यात पूर्ण दुर्बीण घालताना भोक पडण्याचा धोका असतो, म्हणून गरज पडलीच तर शेवटचा थोडा भाग, हवा कमी भरून, बघतात. तुमच्या डॉक्टरांनी दुर्बीण सुचवण्यामागे कारण असेल. "आधी सी-डिफची तपासणी करून मग ठरवू या का?" एवढं त्यांना सरळ विचारा. कुणालाही याचा राग येणार नाही.

तपासणीत सी-डिफ निघाला तर औषध अँटिबायोटिकच लागतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण ते आतड्यातच राहून या जंतूला मारणारं असतं. व्हँकोमायसिन १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, १० दिवस, आणि तोंडाने. हा शेवटचा शब्द नर्सला, औषध देणाऱ्याला, सगळ्यांना दोनदा सांगा. व्हँकोमायसिन म्हटलं की हात आपोआप सलाईनकडे जातो, पण शिरेतून दिलेलं हे औषध मोठ्या आतड्यात उतरत नाही, इथे त्याचा काडीचा उपयोग नाही. तोंडाने घेतलेलं मात्र रक्तात जवळजवळ जात नाही, जिथे हवं तिथेच पोहोचतं. कॅप्सूल मिळाली नाही तर इंजेक्शनची पावडर पाण्यात विरघळवून मोजून प्यायला देतात, तीही चालते. चव कडू असते, थोडं सरबत मिसळता येतं. फिडॅक्सोमायसिन नावाचं औषध अधिक चांगलं, त्यानंतर आजार उलटण्याचं प्रमाण कमी, पण ते महाग पडतं. मेट्रोनिडाझोल पूर्वी सर्रास देत. आता सौम्य आजारात, दुसरं काही मिळतच नसेल तरच. बहुतेक पेशंटना तीन-चार दिवसांत फरक कळतो. बरं वाटलं तरी १० दिवस पूर्ण करायचे, आणि नंतर 'गेला का बघू' म्हणून तपासणी पुन्हा करायची नाही. माणूस ठणठणीत असूनही ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहते आणि विनाकारण घाबरवते.

आईंच्या रोजच्या गोळ्यांकडे आजच बघायला हवं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना शुगरची मेटफॉर्मिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, बीपीच्या काही गोळ्या आणि लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या शुगरच्या नव्या गोळ्या मूत्रपिंडाला भारी पडतात, म्हणून काही दिवस थांबवाव्या लागतात. कोणती थांबवायची, कोणती नाही, हे डॉक्टर ठरवतील. इन्सुलिन असेल तर स्वतःहून अजिबात बंद करू नका. गॅसची गोळी कशासाठी होती ते विचारा. अँटिबायोटिकसोबत सवयीने लिहिलेली असेल आणि अल्सर वगैरे काही नसेल, तर ती सोडलेली बरी. या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये सी-डिफ जास्त आढळतो.

पाण्याचं म्हणाल तर ओआरएस. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या आणि एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. मधुमेह्यांना ओआरएस चालत नाही हा समज काढून टाका. लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि त्या ग्लुकोजशिवाय आतडं मीठ-पाणी ओढूनच घेत नाही. संत्र्याचा रस, उसाचा रस आणि डब्यातली गोड पेयं सध्या नकोत. त्यातली साखर आतड्यात उलट पाणी ओढते. संत्री आपली आहेत, पण दोन आठवडे थांबू द्या.

ताक द्या, पातळ, घरचं, ताजं, मीठ-जिरं घालून. दूध नको. सुजलेल्या आतड्याला दुधातली साखर काही दिवस पचत नाही. मऊ भात, मुगाचं वरण, ज्वारीची पातळ आंबील, केळं, असं थोडं थोडं. उपाशी ठेवू नका. मात्र ताकाने सी-डिफ बरा होईल अशी आशा धरून औषध लांबवू नका. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या 'चांगल्या जंतूंच्या' कॅप्सूलचंही तसंच. त्याने हा आजार बरा होतो असा भरवशाचा पुरावा नाही, आणि ज्याची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे किंवा मानेच्या मोठ्या शिरेत नळी आहे त्याला त्या अपायकारकही ठरू शकतात.

नातवाबद्दल तुमची काळजी समजते. एक वर्षाच्या आतल्या बाळांच्या पोटात हा जंतू अनेकदा असतो आणि काही करत नाही. दीड-दोन वर्षांच्या, निरोगी, अँटिबायोटिक न घेणाऱ्या मुलालाही धोका कमीच. तरी आईंचं संडास शक्य असेल तर वेगळं ठेवा. हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली, चोळून धुवा. सॅनिटायझरची बाटली इथे फसवते, अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत. साबण-पाण्याने ते निदान हातावरून वाहून जातात. संडासचं भांडं, नळ, कडी, फ्लशचं बटण रोज ब्लीचच्या पाण्याने पुसा, आणि ब्लीचमध्ये अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. बाळाचं खाणं-पिणं आईंच्या हाताने सध्या नको. आजीने जवळ घेतलं, गोष्ट सांगितली, तर काही बिघडत नाही. आजारी म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकल्यासारखं वाटू देऊ नका. जुलाबाच्या आजारात आपल्या आयांना आधीच फार लाज वाटत असते, कपडे बिघडले तरी त्या सांगत नाहीत, आणि त्यातच दोन दिवस वाया जातात.

बरं झाल्यावर साधारण पाचातल्या एकाला हा आजार उलटतो, बहुतेकदा दोन महिन्यांच्या आत. जंतू औषधाला दाद देत नाही असं त्याचं कारण नसतं. बीजाणू शिल्लक असतात आणि राखण अजून परतलेली नसते. तेव्हा फिडॅक्सोमायसिन, किंवा व्हँकोमायसिन हळूहळू कमी करत देण्याची पद्धत वापरतात. वारंवार उलटला तर निरोगी, नीट तपासलेल्या दात्याच्या विष्ठेतले जंतू पेशंटच्या आतड्यात सोडतात. ऐकून तोंड वाकडं होतं, पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत अशा १६ पेशंटपैकी १३ जण एकाच वेळेत बरे झाले, आणि नुसत्या व्हँकोमायसिनवर १३ पैकी फक्त ४. राखण मेली होती, ती परत बसवली, एवढाच त्याचा अर्थ. आईंवर ती वेळ येईल असं समजून आत्ता झोप घालवू नका.

राहिला शेवटचा प्रश्न. अँटिबायोटिक आईंना कायमची बंद नाहीत. उद्या न्यूमोनिया झाला, लघवीचा जंतुसंसर्ग रक्तात गेला, तर ती द्यावीच लागतील आणि ती घ्यायला नकार द्यायचा नाही. सर्दी, घसा, एक दिवसाचा ताप, साधे जुलाब यांसाठी मात्र नकोत, आणि क्लिंडामायसिन दुसरा पर्याय असेपर्यंत नको. निदान पक्कं झालं की आईंच्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा: आजाराचं नाव, तारीख, त्याआधी घेतलेल्या दोन्ही अँटिबायोटिकची नावं, कोणत्या औषधाने बरं वाटलं. त्याचा फोटो तुमच्या आणि भावाच्या मोबाईलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टर पॅड पुढे ओढतील तेव्हा, त्यांनी विचारलं नाही तरी, ते पान आधी त्यांच्यासमोर ठेवायचं.